मुलाला बाईक घेऊन द्यावी का?

"ताई, मुलाला महापेला नोकरी लागलीय. बाईक मागतोय. देऊ का?"

जून-जुलै आला की हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेता घेता. मी ठाण्यात नौपाड्याहून नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत बाईकने कामाला जाते, बरीच वर्षं जाते, म्हणून मला विचारतात. बहुतेकांना मी 'नको' म्हणावं असं वाटत असतं, म्हणजे घरी जाऊन सांगता येतं. मी 'द्या' म्हणते. पण त्याच्याबरोबर जे सांगायचं असतं ते जिन्यात उभं राहून सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी तो बाईक का मागतोय ते बघा. हौस असणारच, असू दे. पण त्याचं म्हणणं खरंही आहे. ठाणे-वाशी लोकल २००४ पासून आहे, कोपरखैरणे स्टेशन काही लांब नाही. त्रास स्टेशनच्या बाहेर सुरू होतो: शेअर रिक्षाची रांग, आणि कंपनी एमआयडीसीत आत असेल तर उतरून पायपीट. दुसरी पाळी रात्री अकराला सुटली की रिक्षा मिळेल तेव्हा मिळेल. स्वतःची गाडी असली की हा सगळा घोर संपतो.

आता सुखाचं सांगते, कारण ते कोणी विचारत नाही. सकाळी मुलुंडची गर्दी मागे टाकून ऐरोलीच्या खाडीपुलावर चढलं की हवा बदलते. थंडीच्या दिवसांत ती आधी मनगटाला कळते, बाही आणि हातमोजा यांच्यामधल्या फटीत. ओहोटी असेल तर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चिखलावर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसतो. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. मान वळवून बघायचं मात्र नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल तेवढंच आपलं. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पारसिकचा डोंगर सोबत येतो, पावसाळ्यात ढग त्याच्या निम्म्यापर्यंत उतरतात. दिवाळीच्या सुमारास सातवीण फुलते, तिचा उग्र गोड वास एसी लावून काचेआड बसलेल्यांना कळतही नाही. कंपन्यांमधला रसायनांचा वासही तसाच थेट येतो आणि डोळे चुरचुरतात, हेही सांगितलं पाहिजे.

पण मला सगळ्यांत आवडतं ते वेगळंच. लोकलमध्ये उभी असले की मी उद्याच्या ऑडिटची काळजी करते. बाईकवर ती करताच येत नाही. डोळे, कान, दोन्ही हात, दोन्ही पाय एकाच कामात गुंतलेले असतात, दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. कामावर पोहोचते तेव्हा डोकं स्वच्छ असतं, आणि संध्याकाळी कामावरची कटकट ऐरोलीच्या अलीकडेच गळून पडते. ज्या लक्षामुळे मी सुखरूप घरी येते, त्याच लक्षात मला आनंद मिळतो. तुमच्या मुलालाही तो मिळावा असं मला मनापासून वाटतं.

हे लक्ष कुठे द्यायचं, ते शिकावं लागतं. रिक्षाचंच बघा. रिक्षावाला हात दाखवेलच असं नाही, इंडिकेटर तर नाहीच. पण तिचं पुढचं चाक खोटं बोलत नाही: रिक्षा कापायच्या आधी ते जरासं वळतं. आणि रस्त्याच्या कडेला कोणी हात पुढे करून उभं असेल, तर पुढची रिकामी रिक्षा डावीकडे येणारच, हे धरून आधीच वेग कमी करायचा.

ट्रेलरचं याहून गंभीर. महापेच्या आसपास कंटेनरचे ट्रेलर सतत असतात. डावीकडे वळायचं असलं की ट्रेलर आधी उजवीकडे सरकतो, त्याच्या डाव्या अंगाला मोकळी जागा दिसते आणि नवीन मुलगा नेमका त्या जागेत घुसतो. मग ट्रेलर वळतो. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आत कापत येतात, आणि ती मोकळी जागा बघता बघता नाहीशी होते. केबिन उंच असते, डाव्या अंगाची बाईक ड्रायव्हरला दिसत नाही. साधी खूण आहे: त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा वेळी मागे थांबायचं. मागचे कितीही हॉर्न वाजवू देत.

संध्याकाळी ऐरोली पुलावरून मुलुंडकडे येताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. हेल्मेटच्या व्हायझरवर ओरखडे असतील तर त्या उजेडात पुढची गाडी दिसतच नाही. व्हायझर मिळतो स्वस्तात, पण वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही.

आणि पाऊस. नोकऱ्या लागतात जून-जुलैत, म्हणजे मुलगा पहिल्यांदा रस्त्यावर उतरणार तो नेमका सगळ्यांत वाईट दिवसांत. पहिल्या सरींनी रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल वर येतं. सिग्नलला गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे ते जास्त असतं, लेनच्या मधोमध, सप्तरंगी चकाकतं. तिथे पाय टेकला तरी घसरतो. पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, पुलाच्या सांध्यांवरचं लोखंड, ही सगळी ओली असताना त्यांच्यावर ब्रेक लावायचा नाही, आधीच लावून मोकळं व्हायचं. पुलावर वारा आडवा येतो. बसच्या आडोशातून पुढे निघालं की तो गाडी हातभर बाजूला ढकलतो. कळव्यावरून जाणाऱ्यांना विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी लागतं. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून पुढची गाडी जिथून सुखरूप गेली तिच्या चाकाच्या रेषेत जायचं. फारच पाणी असेल तर सरळ थांबायचं.

म्हणून माझं म्हणणं असतं: गाडी दसऱ्याला घ्या. मुहूर्तही साधतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडा रस्ता मिळतो. तोवर लोकल आणि शेअर रिक्षा. मुलं रुसतात, पण ऐकतात.

गाडी घेताना मायलेजबरोबर ब्रेकचंही विचारा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे; लहान गाड्यांमध्ये दोन्ही ब्रेक एकत्र लागणारं सीबीएसही असतं. परवडत असेल तर एबीएसवाली घ्या. पुढच्या ब्रेकची भीती त्याच्या मनातून काढा. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवायचं बरंचसं काम तेच चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी वेळेत थांबत नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं, डोक्याला घट्ट बसणारं, आणि पट्टा लावलेला. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, म्हणून एक नको, दोन घ्या. मुलीसाठी विचारायला येणारे कमी असतात, त्यांनाही मी हेच सगळं सांगते, फक्त ओढणीचं जास्तीचं. ती चाकात गेली तर क्षणात माणूस खाली येतो. कुडत्यावरून जॅकेट घालून ओढणी आत खोचायची किंवा सरळ पिशवीत ठेवायची.

हे झालं मुलाचं. आता तुमचं, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. घरातून उशिरा निघालेला मुलगा गेलेली पाच मिनिटं रस्त्यावर भरून काढायला बघतो. ती मिळत नाहीत, पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा एकत्रच उभे असतात. पण तेवढ्यासाठी तो दोन बसच्या मधून घुसतो. तेव्हा तो दारात बूट घालत असताना "जाता जाता एवढा डबा मावशीकडे दे" असं सांगू नका. रात्रीच सांगा.

दुसरं, फोन. ताशी ४० च्या वेगाने बाईक सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. पन्नासच्या वेगात दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर २७-२८ मीटर अंतर न बघता कापलं जातं. लोकलचा अख्खा डबा त्यात मावतो, वर जागाही उरते. हेल्मेटमध्ये मोबाइल खोचून बोलणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यांना फोन करणारं कोणीतरी असतं, आणि पुष्कळदा ते घरचंच असतं. "कुठवर पोहोचलास?" हा फोन काळजीपोटीच केलेला असतो, पण खिशात तो थरथरला की हात तिकडे जातोच.

त्याने निघताना एक मेसेज करायचा, पोहोचल्यावर एक. मधे कोणी कोणाला फोन करायचा नाही. कळवा नाक्याला किंवा ऐरोलीला कोंडी झाली तर पाऊण तासाचा दीड तास होतो, हे धरून चला. त्याहून उशीर झाला आणि राहवलं नाही, तर पहिला फोन त्याला न करता कंपनीच्या गेटवर करा. तो नंबर पहिल्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घ्या.