कूलर, कान आणि कोपरा

काल अमळनेरहून जळगावला गेलो, गोलाणी मार्केटात हेडफोन बघायला. दुकानातला पोरगा लावतो ते सगळं धमधम बेसवालं. म्हटलं, भाऊ, माझ्या मोबाइलमधली बंदिश लाव. ओपन-बॅक, म्हणजे मागून उघड्या कपांचा, कानाला लावला आणि वाटलं, गवई समोर बसलाय! कानही मोकळे; 44 अंशांत बंद कपाचा हेडफोन म्हणजे कानांचं भरीतच. पण घरी कूलर आहे ना, आणि ओपन-बॅकमधून बाहेरचं सगळं आत येतं. त्यात तो 250 ओहमचा, म्हणजे जास्त रोधाचा, मोबाइलवर दबकाच वाजतो, वेगळा अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) घ्यावा लागतो. ठेवला परत.

रिकाम्या हाताने घरी आलो तर जुन्या स्पीकरांकडे लक्ष गेलं. दोन्ही कोपऱ्यांत, भिंतीला चिकटून. तिथे खर्ज फुगतो हे माहीत असून पाच वर्षं आळस. दीड-दोन फूट पुढे ओढले, तोंडं खाटेकडे वळवली. मागे निघालं काय, तर हरवलेली कात्री आणि उडदाच्या पापडाचा तुकडा.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आते तबला चांगला ऐकू येस. पहिले नुसता डबा वाजे.”

कूलर मात्र अजूनही तबल्याला भारी.