एकाच मापाचे दोन नर

आयर्लंडच्या दक्षिणेला, केल्टिक समुद्रात, मी मासे-पाहणीच्या बोटीवर होते. जाळ्यात येईल तो मासा ओळखायचा, मोजायचा, नोंदवायचा, हे माझं काम. त्या पहाटे दोन स्केट आले. दिसायला आपल्या पाकटासारखे चपटे, पण शेपटीला विषारी काटा नाही आणि पिल्लं न देता अंडी घालणारे. एक १२१ सेंटीमीटर, दुसरा १२३. दोन्ही नर.

"कॉमन स्केट, दोन. लिही," खलाशी म्हणाला.

वर्षानुवर्षं असंच लिहिलं गेलं. १९२६ साली ब्लू स्केट आणि फ्लॅपर स्केट या दोन जाती एका नावात जमा झाल्या, त्या वेगळ्या करणारा शोधनिबंध छापून आला २०१० मध्ये. मधल्या काळात आयरिश समुद्रातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला, आणि जुन्या वह्यांत नाव एकच!

मी गुडघे टेकून वाकले. एकाचा डोळा फिकट पिवळा, दोन्ही पंखांवर कडं असलेला गडद डाग. हा ब्लू स्केट. दुसऱ्याचा डोळा शेवाळी हिरवा. तो फ्लॅपर. मग शेपटीच्या मुळाशी पाहिलं. तिथे नराला दोन दांड्यांसारखे अवयव असतात, वयात आला की ते लांब आणि टणक होतात. पिवळ्या डोळ्याच्याचे टणक होते. हिरव्या डोळ्याच्याचे बोटाच्या पेराएवढे, मऊ.

माप सारखं, पण एक बाप होण्याजोगा आणि दुसरं पोर. ब्लू स्केटचा नर ११५ सेंटीमीटरच्या आसपास वयात येतो, फ्लॅपरचा थेट १८५ला. म्हणजे याला अजून साठेक सेंटीमीटर वाढायचं होतं, आणि तेवढी सगळी वर्षं जाळी चुकवायची होती. त्यात ही जात अंड्यापासूनच संथ. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर सांभाळलेल्या एका अंड्यातून पिल्लू निघायला ५३४ दिवस लागले होते.

आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत दोघेही अतिसंकटग्रस्त. शिक्का एकच, तरी मला धास्ती फ्लॅपरची जास्त वाटते. लहान जात थोडी सावरली आणि वहीत नुसतं 'स्केट' लिहीत राहिलो, तर मोठी संपत आलेली कळणारही नाही. दोन्ही विकायला आणण्यावर २००९मध्ये बंदी आली, पण जाळं काही जात बघून पकडत नाही.

खलाशाला दोघांचे डोळे दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग पोराला त्यानेच दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचललं आणि पाण्यात सोडलं. पंख एकदा हलले, पांढरट पोट दिसलं आणि तो खाली गेला. मी वहीत दोन वेगळ्या ओळी लिहिल्या.