सहा मिनिटांची उडी

गेल्या रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर ओसामु तेझुका यांचा ‘जंपिंग’ हा १९८४ सालचा जपानी अॅनिमेशनपट पाहिला. शेजारच्या कारखान्यातील यंत्रमागांची खटखट रात्रपाळीतही थांबत नाही, म्हणून कानाला हेडफोन लावला. ते बरेच झाले, कारण या चित्रपटात संवाद एकही नाही. जे सांगायचे ते चित्रांनी आणि आवाजांनीच सांगितले आहे. लांबी अवघी सहा मिनिटे, पण त्यानंतर त्या रात्री दुसरे काही पाहावेसे वाटले नाही.

एका शांत रस्त्यावरून कोणीतरी उड्या मारत निघाले आहे. ते कोण, हे शेवटपर्यंत दिसत नाही, कारण आपल्याला दिसते ते सारे त्याच्याच डोळ्यांतून. सुरुवातीच्या उड्या लहान मुलाने रिकाम्या रस्त्यावर माराव्यात तशा आहेत. मग एक जरा उंच जाते, पुढची झाडांच्या वर, आणि बघता बघता घरांची छपरे खाली राहतात, मोठाल्या इमारती ओलांडल्या जातात, समुद्र लागतो. प्रत्येक उडीच्या टोकाला क्षणभर सगळे थबकल्यासारखे होते आणि मग जमीन अंगावर येऊ लागते.

तो थबकलेला क्षण माझ्या ओळखीचा आहे. माझे आजोळ जुन्या सोलापुरातले, मातीच्या माळवदाचे. आमचे माळवद आणि शेजारच्यांचे माळवद यांच्यामध्ये जेमतेम दोन हातांची बोळ होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, आजी झोपली आहे याची खात्री करून, आम्ही मुले ती बोळ ओलांडून पलीकडे उडी मारत असू. उडी घेताना भीती वाटत नसे. पायाखाली काहीच नसताना खाली बोळीतला रांजण आणि त्यावरची पालथी पितळी वाटी दिसे, तेव्हा पोटात खड्डा पडे. तेझुकांनी तो खड्डा जसाच्या तसा कागदावर उतरवला आहे.

तो कसा उतरवला, हे समजून घेतल्यावर माझा आदर आणखी वाढला. अॅनिमेशनमध्ये एरवी मागचे दृश्य एकदा रंगवून ठेवतात आणि पारदर्शक सेल्युलॉइडवर काढलेली पात्रे त्याच्यापुढे हलवतात. येथे हलणारे पात्र समोर नाहीच. हलतो तो पाहणारा, आणि त्यामुळे रस्ता, झाडे, छपरे, समुद्र असे सगळेच दृश्य पुन्हा पुन्हा नव्याने काढावे लागले. सहा मिनिटांसाठी सुमारे ४,००० चित्रे काढली गेली, म्हणजे सेकंदाला साधारण अकरा. संपूर्ण चित्रपट एकाच सलग दृश्याचा आहे, मध्ये कोठेही तोड नाही. १९६३ मध्ये ‘अॅस्ट्रो बॉय’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आणताना कमीत कमी चित्रांत काम भागवण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, त्याच तेझुकांनी वीस वर्षांनंतर इतका खर्चिक, इतका कष्टाचा मार्ग स्वतःहून धरावा, याचे मला फार अप्रूप वाटते. झाग्रेबच्या अॅनिमेशन महोत्सवात या चित्रपटाला त्याच वर्षी सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

तोड नसण्याचे महत्त्व समुद्र ओलांडल्यावर कळते. उडी मारणारा युद्धात जाऊन पडतो. ज्या पायांनी तो घराजवळच्या रस्त्यावरून निघाला त्याच पायांनी, मध्ये डोळे मिटायलाही सवड न मिळता, तो रणभूमीवर उतरतो. मग प्रचंड अणुस्फोट होतो, आणि तो थेट नरकात कोसळतो. दृश्य बदलले असते तर ‘हे दुसरीकडचे आहे’ असे मनाला सांगता आले असते. तेझुका ती सोय ठेवत नाहीत.

आम्हा सोलापूरकरांना जपानच्या युद्धाची ओळख डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे झाली. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करण्यासाठी १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. त्या युद्धातला जपान माझ्या मनात नेहमी बॉम्ब टाकणाऱ्याच्या जागी राहिला. तेझुका मात्र १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडत असताना खाली जीव मुठीत धरून उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा होते. पुढे त्यांनीही वैद्यकाचेच शिक्षण घेतले. चित्रपटातील ती रणभूमी कोणत्या देशाची, हे सांगणारा एक शब्दही त्यांनी ठेवलेला नाही, आणि मला ते योग्य वाटते.

सोमवारी संध्याकाळी अप्पांना शेजारी बसवून चित्रपट पुन्हा लावला. समुद्राआधीची शेवटची उडी कितवी, ते मोजायचे मी ठरवले होते. पण एका उडीतून दुसरी निघत जाते आणि मोजणी हातची सुटते. अप्पा काही बोलले नाहीत. नरकातून वर भिरकावला गेलेला तो पुन्हा त्याच शांत रस्त्यावर येऊन पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी विचारले, “याला घरातून कुणी हाक मारत नाही का गं?”