टीसीचा फिल्टर काही केल्या लागेना – माझा अनुभव

टीसी म्हणजे लिनक्समधलं ट्रॅफिक कंट्रोल, कोणाच्या डेटाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी कमांड. तिची सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? कमांड मारली की गप्प. एरर नाही, वॉर्निंग नाही, फिल्टर (कुठलं पॅकेट कुठल्या रांगेत जाईल हा नियम) यादीत दिसतो, आणि पॅकेट मात्र एकही त्यात पडत नाही.

आमच्याकडे ताई ऑनलाइन गणित शिकवते. फोटोंचा बॅकअप सुरू झाला की तिचा आवाज तुटायचा. कस्टमर केअरचं एकच पालुपद, स्पीड टेस्ट बरोबर येतेय ना, मग लाइन ओके. घरी जुन्या पीसीवर लिनक्सचा राउटर होताच, त्यावर एचटीबी लावलं, म्हणजे वेगाचे वाटे (क्लास) पाडणारी टीसीची रांग. अपलोड 20 एमबिट, मी 18 ठेवला म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता आपल्या हातात राहते, त्यातले 6 ताईला पक्के (तिचा क्लास 1:10). इथवर पटकन झालं.

मग फिल्टर. यू32 मध्ये (पॅकेटवरचा पत्ता वगैरे बघून जुळवणारा फिल्टर) सोर्स म्हणून ताईच्या लॅपटॉपचा 192.168.1.20 दिला, जा 1:10 मध्ये. ताई कॉलवर, बॅकअप चालू, आकडे काढले तर 1:10 समोर सेंट 0 बाइट्स 0 पॅकेट! सगळं डिफॉल्टच्या 1:30 मध्ये. मास्क बदलून बघितला, प्रायॉरिटी बदलली, सगळं पुसून परत लावलं, शून्य ते शून्यच. नेटवर जिथे बघाल तिथे हीच ओळ उदाहरण म्हणून टाकलेली, पण ती कुठल्या इंटरफेसवर चालेल हे सांगायची तसदी कोणी घेत नाही. शेवटी वॅनच्या, म्हणजे इंटरनेटकडच्या, इंटरफेसवर टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावला तेव्हा कळलं, बाहेर जाणाऱ्या एकाही पॅकेटवर 192.168 नाहीच. नॅट (घरातले आयपी बदलून सगळ्यांना एकच पब्लिक आयपी लावणं) आधी होतं आणि टीसीची रांग त्यानंतर, म्हणजे फिल्टरपर्यंत येईस्तोवर घरातल्या सगळ्यांचा सोर्स एकच, पब्लिक आयपी. मग यू32 बिचारा जुळवणार काय?

त्यामुळे आयपीटेबल्सच्या (लिनक्सचं फायरवॉल) मँगल टेबलात फॉरवर्डमध्येच, म्हणजे नॅटच्या आधी, ताईच्या आयपीला मार्क 10 लावायचा आणि टीसीत एफडब्ल्यू फिल्टरने तो मार्क धरायचा. मार्क पॅकेटमध्ये लिहिलेला नसतो, कर्नल तो स्वतःजवळ ठेवतो, म्हणून नॅटमधूनही टिकतो. लावल्याबरोबर 1:10 चा आकडा पळायला लागला, आणि बॅकअप चालू असतानाही ताईचा तास सलग झाला. जाम भारी वाटलं!

हां, रेट लिहिताना एमबिटच लिहा, टीसीत एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट, थेट आठपट. डिफॉल्ट क्लासही द्याच, नाहीतर न जुळलेली पॅकेट एचटीबी मर्यादेशिवाय सोडून देतं. आणि कोणाला ठरावीक वाटा द्यायचा नसेल, सगळ्यांना सारखंच हवं असेल, तर एवढं करूच नका, केक (वेग सगळ्यांत आपोआप वाटणारी टीसीची दुसरी रांग) लावा, कर्नल 4.19 पासून आहे, त्याला नॅट हा ऑप्शन दिला की आतले आयपी तो स्वतः ओळखतो.