आज वकिलांकडे दीड तास

माझ्यावर कौटुंबिक हिंसाचाराची केस आहे, हे बऱ्याच जणांना कळलंय. केसबद्दल इथे अक्षरही लिहायचं नाही अशी वकीलबाईंची ताकीद आहे, कारण पोस्टचा स्क्रीनशॉट उद्या कोर्टात येऊ शकतो. (हेही त्यांना दाखवूनच टाकतोय.)

रात्रभर जागून पाच पानं लिहून नेली होती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'नेहमी', 'मुद्दाम', 'तिचा स्वभावच' असलं सगळं खोडत गेल्या. उरलं जेमतेम सव्वा पान. "तारीख, वेळ, कोण कुठे उभं होतं, एवढंच. आणि तुमचं चुकलं असेल तेही आत्ताच सांगा. समोरच्या वकिलाकडून कळलं तर माझा काही उपयोग नाही."

जुने मेसेज डिलीट करू का, विचारलं. त्यांनी चष्मा काढून नुसतं बघितलं.

संपर्कबंदीचा आदेश आहे. तिनेच फोन केला तर उचलायला काय हरकत, असं मला वाटायचं. तर नाही. आदेश कोर्टाचा, बंधन माझ्यावर. बहिणीकरवी निरोपसुद्धा नाही.

त्या सव्वा पानातल्या एका वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली. ते वाक्य इथे लिहीत नाही.