पुण्यात प्लायची शिडाची होडी बांधायची, तर नकाशा कोणता घ्यावा?

शिडाच्या होड्यांचे नकाशे नेटवर ढिगाने मिळतात आणि बहुतेक जण फोटो बघून निवडतात. पुण्यात मात्र निवड ठरते ती प्लायवरून, गाडीच्या टपावरून आणि घराच्या दारावरून.

आधी प्लाय. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लायच घ्या; आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही वेळ सोसणारा) किचन ट्रॉलीला ठीक आहे. परदेशी नकाशांतलं वजन बहुधा ओकुमे या हलक्या लाकडाचा प्लाय धरून काढलेलं असतं. त्याची ८ बाय ४ ची ६ मिमी शीट साधारण ९ किलो भरते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात मिळणारी गर्जन या जड लाकडाची शीट त्याच मापात १२-१३ किलोपर्यंत जाते. म्हणून नकाशात ४५ किलो लिहिलं असेल तर ५५ धरूनच चाला. शीट काट्यावर ठेवायला सांगा, दुकानदार हसला तरी. चारही कडा नीट बघा: आतल्या थरात फट दिसली, तर वाकवताना प्लाय तिथेच मोडणार. तुकडा पाण्यात उकळूनही बघा. मानकातली चाचणी ७२ तासांची आहे. घरी सात-आठ तासांतच थर सुटले, तर तो प्लाय घेऊ नका.

आता टप. छोट्या गाड्यांची मर्यादा बऱ्याचदा ५० किलोच्या आसपास असते, तीही कॅरिअर धरून. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. म्हणजे कागदावर ३५ किलोच्या आतली होडी निवडा, नाहीतर दर वेळी छोटा टेम्पो सांगा. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की होडी चिखलातून हातांवरच न्यावी लागते, तेव्हा प्रत्येक किलो जाणवतो. धरण कुठलंही असो, जलसंपदा विभागाची परवानगी आधी विचारा.

ऑप्टिमिस्ट सगळ्यांना आठवते: २.३ मीटर लांब, ३५ किलो. पण ती मुलांची होडी आहे, मोठ्या माणसाला तीत गुडघे ठेवायला जागा नाही. गोट आयलंड स्किफ देखणी आणि वेगवान, पण साडेपंधरा फुटांची. ८ फुटी शीट तिरक्या छेदाने जोडाव्या लागतात: ६ मिमीला १:८ ने ४८ मिमीचा उतार, आणि तो काढताना रंधा सरळ चालला नाही तर बाजू वाकताना सांध्यावर कोन येतो. ८ फुटांहून लांब कुठल्याही होडीत शीट जोडावी लागतेच, पण पहिल्या होडीला एवढ्या लांब बाजू नकोत.

आमचं मत सपाट नाळेच्या (पुढचं टोक निमुळतं नसून सपाट), ३ ते ३.३ मीटरच्या, तारेने शिवून चिकटवायच्या होडीला. या पद्धतीची प्रसिद्ध होडी म्हणजे मिरर, १९६० च्या दशकातली, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची: ३.३ मीटर, ४५.५ किलो. तिचं गंटर शीड (आखूड डोलकाठीवर दुसरा दांडा उभा चढवून उंची वाढवणारं) असं की डोलकाठीसकट सगळे दांडे होडीच्या लांबीत मावतात. टपावर नेणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. मात्र गर्जनमध्ये ती टपाला जड होईल, म्हणून त्याच घडणीचा थोडा छोटा नकाशा शोधा. विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: पॅनेलची पूर्ण मापं, शीटची संख्या, आणि उलटल्यावर तरंगवणाऱ्या बंद कप्प्यांची जागा. कप्पे नसतील तर तो नकाशा बाजूला ठेवा. डोंगरांमधल्या धरणांवर वारा झोत मारत येतो, त्यामुळे शीड आखडण्याची सोयही हवी.

दार ९० सेंमीचं असेल, तर होडी कुशीवर उभी करून निघते. अडचण जिन्याच्या वळणावर येते. काम सुरू करण्याआधी होडीच्या मापाची बांबूंची चौकट जिन्यातून फिरवून पाहा.

शिवायला मोटार वाइंडिंगची १८ गेजची तांब्याची तार चालते, भोकं १०-१५ सेंमीवर. तारा एकदम आवळू नका. पुढे-मागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्या समांतर दिसतात का बघा, कर्ण मोजा, मगच आवळा. चिकटवल्यावर पीळ निघत नाही. इपॉक्सीला (सांधे चिकटवायचा, दोन भाग कालवून करायचा गोंद) नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात डब्यात साठवलेलं मिश्रण तापून मिनिटांत घट्ट होतं, म्हणून १५० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. पावसाळ्यात वर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन वाळवल्याशिवाय पुढचा हात देऊ नका.