पर्जन्यमापक तयार, गच्ची बंद: लेकीच्या प्रकल्पाचा माझा अनुभव

नववीतल्या मुलीला दोन लिटरची एक बाटली ठेवायला इमारतीच्या गच्चीवर हातभर जागा हवी होती. ती मिळेपर्यंत अख्खा जून सरला आणि जुलै लागला. प्रकल्प पावसाचा, आणि पहिला महिनाभराचा पाऊस हातचा गेला. हे लिहितानाही मला त्याचा राग येतोय. पुढच्या मोसमात आणखी कुणाचं मूल असं अडकू नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

प्रकल्प राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी होता. ही परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुलं भाग घेऊ शकतात, मुख्य विषय दर दोन वर्षांनी बदलतो आणि त्याच्या एखाद्या उपविषयात आपला प्रश्न बसवावा लागतो. शिक्षक मार्गदर्शन करतात, पण काम मुलांनीच करायचं असतं. नावनोंदणी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी केली. तिथे काहीही अडलं नाही.

प्रश्न लेकीचाच. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, की २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. घरी आल्या आल्या तिने विचारलं, "मग भांडुपला किती पडला?" आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. बातम्यांत ठळक येतात ते कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे, फार तर पूर्व उपनगरांची सरासरी. आम्ही राहतो भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला. डोंगरापलीकडे विहार आणि तुळशी हे तलाव. तिची मैत्रीण राहते कांजूरमार्ग पूर्वेला, खाडीच्या अंगाला. मधे अंतर ते किती! पण दोघींना वाटत होतं, की ढग डोंगराशी अडतात म्हणजे आमच्याकडे पाऊस जास्त पडत असणार. एकाच दिवशी, एकाच वेळी दोन्हीकडे मोजायचं आणि खरंच तसं आहे का ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

पर्जन्यमापक घरीच केला. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं होतं. बाटलीच्या कापलेल्या, रुंद तोंडाचा व्यास ११ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटिमीटर. म्हणून साडेनऊ मिलिलिटर पाणी साठलं की १ मिमी पाऊस. हे गणित दोघींनी स्वतः मांडलं. बाटलीवर पट्टी चिकटवून मोजण्याची सोपी पद्धत त्यांनी घेतली नाही. या बाटलीचा तळ खाचाखाचांचा असतो, त्यामुळे आधी आत खडे आणि पाणी भरून शून्याची रेघ आणावी लागते, आणि ते पाणी कायम आत राहतं. त्यापेक्षा रोज सगळं पाणी मोजपात्रात ओतून मोजायचं आणि बाटली रिकामी करून परत ठेवायची, असं ठरलं. या निर्णयाचा पुढे फार उपयोग झाला.

मैत्रिणीची जागा त्याच दिवशी पक्की झाली. त्यांच्या चाळीजवळ मंडळाच्या कार्यालयावर सपाट स्लॅब आहे. तिथे बसणारे एक आजोबा म्हणाले, "ठेव गं पोरी, पोरांना सांगतो हात लावू नका म्हणून." विषय संपला.

आमची मात्र रीतसर नोंदणी झालेली सोसायटी आहे, चार मजली. गच्चीला बारा महिने कुलूप. मे महिन्यात मी सेक्रेटरींना तोंडी विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, लेखी द्या." दिलं. अर्ज घेऊन म्हणाले, "शाळेचं पत्र लागेल." शाळेला सुट्टी. १५ जूनच्या सुमाराला शाळा उघडल्यावर मुख्याध्यापिकांनी लगेच पत्र दिलं, शिक्क्यानिशी. ते नेलं तर त्यात गच्चीचा उल्लेख नाही, 'विज्ञान प्रकल्पासाठी सहकार्य करावे' इतकंच आहे, म्हणून परत केलं. पुन्हा शाळेत. लेखनिकांनी बिचाऱ्यांनी जावक क्रमांक घालून दुसरं पत्र टाइप करून दिलं. त्यात सोसायटीचं नाव, गच्ची, वेळ, मुलीचं नाव, इयत्ता, सगळं. ते नेल्यावर उत्तर मिळालं, "आता कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवू."

मीटिंग कोरमअभावी पुढे गेली. दरम्यान मोसमी पाऊस मुंबईत पोचला. रात्रभर पत्र्यांवर पाऊस कोसळायचा आणि लेक सकाळी उठून खिडकीत उभी. कांजूरहून मैत्रिणीचे आकडे रोज यायचे आणि हिच्या वहीतला आमचा रकाना कोरा. तिने एक दिवस बाटली खिडकीच्या ग्रिलवर बांधून पाहिली आणि स्वतःच काढली. वरच्या सज्जाचं पाणी ठिबकत होतं, तो आकडा खोटा ठरला असता. खाली आवारात ठेवावी, तर एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला झाड आणि मधे इमारतीची भिंत. उघडं आकाश होतं ते फक्त गच्चीवर.

इथे पुढच्यांसाठी एक सांगते. अर्ज देताना दोन प्रती न्या आणि एकीवर 'मिळाले', सही, तारीख घ्या. आमच्याकडे पोच होती, म्हणूनच "अर्ज कधी आला आमच्याकडे?" हा प्रश्न एकदाच विचारला गेला.

अखेर मीटिंग झाली. सदस्य म्हणून मी गेले आणि लेकीला सोबत नेलं. मुलांना मीटिंगमध्ये कशाला, असं एक जण म्हणाले. मी म्हटलं, काम तिचं आहे, तीच सांगेल.

पहिला आक्षेप वरच्या मजल्यावरच्या काकांचा. वॉटरप्रूफिंग नुकतंच केलंय, रोजच्या ये-जा करण्याने तडे गेले तर गळती आमच्या डोक्यावर. लेकीने बाटली, खाली ठेवायची परात आणि दोन विटा टेबलावर मांडल्या. "काका, खिळा नाही, ड्रिल नाही, काही चिकटवायचं नाही. सकाळी एकदा जाणार, दहा मिनिटांत खाली."

दुसरा आक्षेप: आज ही, उद्या सगळ्यांची मुलं वर. याला उत्तर मी दिलं, आणि आवाज जरा चढला. सगळ्यांच्या मुलांना उद्या पाऊस मोजावासा वाटला तर सोसायटीचं काय बिघडणार आहे? गच्ची सगळ्या सदस्यांची सामाईक असते. कुणा एकाला ती स्वतःसाठी अडवता येत नाही, तशी ती नुसती बंद ठेवण्यासाठीही नसते. लग्नकार्याला, पूजेला अर्ज केला की तात्पुरती वापरायला देतातच की! आमच्याच इमारतीत दिली आहे. पूजेला मांडव चालतो आणि विटांवर ठेवलेली बाटली चालत नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

तिसरा आक्षेप सेक्रेटरींचा, आणि तो मात्र रास्त होता. पावसाळ्यात महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक गच्च्या तपासतात. टायर, कुंडीखालची ताटली, उघडं पिंप, कशातही साचलेलं पाणी आणि डासांच्या अळ्या दिसल्या की सोसायटीला नोटीस येते. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. लेकीने लगेच सांगितलं, की बाटली रोज सकाळी पूर्ण रिकामी होणार. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, इथे पाणी एका दिवसापेक्षा जास्त राहणारच नाही. परातीलाही तिने भोकं पाडून घेतली होती. सेक्रेटरींनी परात उचलून भोकं बघितली आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

मग ते म्हणाले, "ठीक आहे, टाकीच्या मागे ठेव, कुणाच्या पायात येणार नाही." मी हो म्हणणार होते. लेक म्हणाली, "तिथे नाही चालणार काका." टाकी, जिन्याची खोली, कठडा, यांपैकी काहीही असो, त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावा लागतो, नाहीतर तिरपा पाऊस अडतो आणि आकडा कमी येतो. तिने वहीत गच्चीचा नकाशा काढून आणला होता. टाकीपासूनचं, कठड्यापासूनचं अंतर लिहून एका ठिकाणी फुली मारली होती. ती फुली जवळजवळ गच्चीच्या मध्यावर येत होती. पुन्हा चर्चा. एका सदस्यांनी स्टॅम्प पेपरवर हमीपत्र मागितलं. मी साफ नकार दिला. साध्या कागदावर अटी लिहून सही करायला तयार होते: वेळ सव्वाआठ ते पावणेनऊ, सोबत एक मोठं माणूस, किल्ली वॉचमनकडून घेऊन रजिस्टरमध्ये नोंद, मोसम संपला की सामान खाली. शेवटी तसा ठराव झाला. मी ठरावाची प्रत मागून घेतली. तुम्हीही घ्या, कारण नंतर वॉचमन बदलला आणि नव्याने पहिल्याच दिवशी किल्ली द्यायला नकार दिला. ठरावाची झेरॉक्स दाखवल्यावर दिली.

वेळ साडेआठचीच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सांताक्रूझच्या आकड्याशी तुलना करायची तर तीच वेळ पाळायला हवी. लेकीची शाळा दुपारची म्हणून जमलं. सकाळच्या शाळेतल्या मुलांनी आधीच घरातल्या कुणाला तरी तयार करून ठेवावं, पण मोजायला शिकवून. पाणी मोजपात्रात ओतलं की कडेला थोडं वर चढतं, मधे किंचित खोलगट राहतं. आकडा त्या खोलगट भागाचा घ्यायचा, आणि तोही डोळा पाण्याच्या पातळीत आणून. लेक ओल्या गच्चीवर गुडघे टेकून, कठड्यावर पात्र ठेवून वाचायची. मी छत्री धरायची, पण मोजपात्राकडे बघायची नाही, हा तिचा नियम. मी आधी आकडा बोलले तर तिचा आकडा माझ्याकडे झुकेल, म्हणायची.

काही सकाळी दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे यायचे. एका सकाळी आमची बाटली निम्म्यापर्यंत भरलेली आणि कांजूरला तळ जेमतेम ओला. दोघी फोनवर इतक्या ओरडल्या की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. आणखी एका दिवशी बरोबर उलटं झालं, आणि 'डोंगराकडे जास्त' हे त्यांना सरसकट लिहिता आलं नाही. बाईंनी सांगितलं, जसं आलं तसं लिहा. त्यांनी तसंच लिहिलं.

हो, बाटलीच्या मापाचं राहिलंच. आमच्या बाटलीत साधारण दीडशे मिमीपर्यंतच पाऊस मावत होता. हवामान खात्याच्या हिशोबात ११५.६ मिमीपासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अतितीव्र. मुंबईत हे आकडे काही स्वप्नातले नाहीत. त्यामुळे रेड अलर्ट असला की रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाणी मोजून लिहायचं आणि सकाळच्या मापात मिळवायचं. रात्रीच्या किल्लीचं ठरावात नव्हतं. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागली. ती सेक्रेटरींनी स्वतःहून तोंडी दिली, हे नमूद करते. तुम्ही पहिल्या अर्जातच घाला.

अहवाल, पोस्टर, सादरीकरणाची तयारी हे सगळं सुरळीत झालं. रोजनिशी मात्र सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढू नका. लेकीच्या वहीची पानं पावसाने फुगलेली, शाई पसरलेली. तीच वही परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ चाळली. जूनचा कोरा रकाना पाहून त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "परवानगी मिळाली नव्हती." मग त्यांनी विचारलं, गच्चीवरचं माप आणि जमिनीजवळचं माप सारखं येईल का? ती म्हणाली, उंचावर वारा जास्त, थेंब तोंडावरून उडून जातात, त्यामुळे आमचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी असणार. मैत्रिणीची स्लॅब बुटकी आहे, म्हणून तुलना करताना हे लक्षात घ्यायला हवं. हे तिला कुणी पढवलेलं नव्हतं. मागे बसून ऐकताना मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढची फेरी त्यांना मिळाली नाही. जूनचे आकडे असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. दोघींना मात्र पुढचा मोसम मोजायचाय.

म्हणून या वेळी अर्ज मार्चमध्येच दिला, कमिटीची वार्षिक धावपळ सुरू व्हायच्या आत. शाळेचं पत्रही परीक्षेआधीच घेऊन ठेवलं. त्यात गच्ची, सकाळची वेळ आणि रेड अलर्टची रात्र असं सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलाला वाऱ्याची दिशा नोंदवायची आहे, त्याचं नावही त्याच अर्जात घातलं. गेल्या वर्षीच्या ठरावाची प्रत जोडली आणि पोच घेतली.